कोणाकडे निघालात, बाई?

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. गेल्या वर्षभरात तुम्ही गावाबाहेर किती वेळा गेलात? आठवून पाहा. माहेरी गेला असाल, नणंदेकडच्या बारशाला गेला असाल, मुलाच्या परीक्षेला सोबत म्हणून, नाहीतर दवाखान्यात कोणाला तरी भेटायला. आता दुसरा प्रश्न. त्यातल्या किती वेळा तुम्ही कोणाकडेही निघाला नव्हतात? नुसत्याच निघालात, रस्ता बघायला, गाव बघायला? बहुतेकींचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण माझंही तेच होतं.

मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं. गाड्या बायकांनी भरून वाहू लागल्या. पण त्यांतल्या कोणत्याही बाईला विचारा, ती सांगेल, 'लेकीकडे चाललेय', 'बहिणीकडे चाललेय'. बाईच्या प्रवासाला 'कोणाकडे' हा शब्द चिकटलेलाच असतो. तो शब्द सोडून जाता येतं का, हे मला एकदा पाहायचं होतं. म्हणून गेल्या संक्रांतीनंतर मी एकटीने, सायकलवरून, आमचा परभणी जिल्हा पाहिला. पाच दिवस, सुमारे २५० किलोमीटर. त्याची ही हकीकत, आणि जमलं तर तुम्हालाही घराबाहेर काढायचा हा माझा बेत!

सायकल कुठली म्हणाल, तर लेकीची. ती शिकायला बाहेरगावी गेली आणि सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. मी ती दुरुस्त करून घेतली आणि महिनाभर रोज पहाटे गावातच आठ-दहा किलोमीटर चालवली. गुडघे दुखायचे थांबले तेव्हा घरात विषय काढला. हे म्हणाले, "मी येतो की गाडी घेऊन मागे." सासूबाई म्हणाल्या, "अगं, पण कोणाकडे?" कोणाकडेच नाही, हे त्यांना पटायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्यांनीच विचारलं, "धपाटे किती करू?"

तुम्ही म्हणाल, ही नसती हौस! पण असं वेड घेणारी मी काही पहिली नव्हे. १८९४ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरातून अॅनी लंडनडेरी नावाची बाई सायकलवरून जगप्रवासाला निघाली. तीन मुलांची आई होती ती! मुलं नवऱ्याजवळ ठेवून गेली आणि दुसऱ्या वर्षी परत आली. आणि आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी? २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तिने १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल मारली, तीही बरीचशी एकटीने. वाटेत स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं, तरी ती पुढे गेली. आपल्याला जग नको. आपल्याला जिल्हा पुष्कळ झाला.

आता हा जिल्हा कुठे आणि कसा, ते थोडक्यात. मराठवाड्याच्या मध्यभागी, गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काळ्या मातीचा हा मुलूख. उत्तरेला जिंतूरकडे डोंगर, दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटाच्या रांगा आणि मधे तव्यासारखी सपाटी. सायकलला याहून चांगलं काय हवं? जुन्या वाचकांना औंढा नागनाथ परभणीत असल्याचं आठवत असेल, पण १ मे १९९९ पासून तो भाग हिंगोली जिल्ह्यात गेला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण मात्र इथेच राहिली! परभणीतून तुमच्या स्वयंपाकघरात काय येतं, ठाऊक आहे? 'परभणी क्रांती' ही भेंडी. झाडाची पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला दाद न देणारी ही जात इथल्या कृषी विद्यापीठाची. १८ मे १९७२ रोजी ते सुरू झालं. लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ज्वारीही याच विद्यापीठाने २०१८ साली शेतकऱ्यांना दिली.

पहिल्या दिवशी परभणी ते जिंतूर, ४५ किलोमीटरच्या आसपास. सकाळी सातला निघाले. दोन्हीकडे टाळकी ज्वारी, कुठे हरभरा, बांधाला करडईची पिवळी-केशरी काटेरी फुलं. एसटीच्या खिडकीतून हे सगळं शंभरदा पाहिलं होतं, पण खिडकीतून ज्वारीचा वास येत नाही. सायकलवर तो येतो. हुरड्याच्या आगटीचा धूर येतो, ओल्या पाटाचा गारवा अंगाला लागतो. तासाला दहा-बारा किलोमीटर हा वेग असा की कोणी हाक मारली तर थांबता येतं.

आणि हाका येतातच! एका शेतात उरलासुरला कापूस वेचणाऱ्या बायका होत्या. त्यांतली एक म्हातारी कमरेची ओटी सावरत बांधावर आली.

"का वं माय, एकलीच? कुणाकडं चाललीस?"

"कुणाकडं नाही मावशी. जिंतूर बघायला चाललेय."

"जिंतुरात काय बघायचं?"

"नेमगिरी."

"मंग देवाला चाललीस म्हण की!" मावशींचा चेहरा उजळला. त्यांनी मूठभर हरभऱ्याचे घाटे माझ्या पिशवीत टाकले आणि मला जाऊ दिलं.

पुढे पॅडल मारता मारता मी विचार करत राहिले. देवाला जाणं चालतं. बाईला घराबाहेर पडायला कारण लागतं आणि देव हे सगळ्यांत जुनं, सगळ्यांना मान्य असलेलं कारण. आपल्या आज्या-पणज्यांनी पंढरीची वारी केली ती भक्तीने, हे खरंच. पण त्या वीस दिवसांत चुलीपासून सुटका होती, हेही तितकंच खरं नसेल का?

नेमगिरी जिंतूरहून अगदी जवळ आहे. टेकडीच्या पोटात जैन लेणी, दारं इतकी ठेंगणी की वाकूनच आत जावं लागतं. आत गेलं की समोर नेमिनाथाची भव्य मूर्ती उभी ठाकते. पार्श्वनाथाची मूर्ती तर एवढ्याशा दगडावर टेकलेली आहे. लोक तिला अधांतरीच म्हणतात. बाहेर ऊन, आत गारवा. दिवसभर सायकल चालवून आलेल्या बाईला तिथे बसून राहावंसं वाटतं, आणि त्या दिवशी मला 'चला, उशीर होतोय' म्हणणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चारठाणा आणि वालूर करून सेलू गाठायचं होतं. चारठाण्याला यादवकाळातले अवशेष गावभर विखुरलेले आहेत. जुनी मंदिरं, कोरीव उंच स्तंभ, बारव. कोणाच्या अंगणाच्या भिंतीतसुद्धा एखादा नक्षीचा दगड बसवलेला दिसतो आणि त्याच्यावर गोधडी वाळत असते! पण मला जास्त भावलं ते वालूर. सेलूला जाताना थोडी वाकडी वाट करावी लागते, पण जरूर करा. तिथली बारव पायऱ्यापायऱ्यांनी गोल फिरत खाली उतरते, शंखाच्या वेटोळ्यासारखी. कित्येक वर्षं ती गाळाने आणि कचऱ्याने भरून गेली होती. गावकऱ्यांनी श्रमदानाने ती मोकळी केली आणि आता लांबून लांबून माणसं बघायला येतात.

मी पायरीवर बसले होते. माझ्या मनात आलं, या पायऱ्या झिजवल्या कोणी? बायकांनीच. पाण्याला जाणं हे दुसरं मान्य कारण. डोक्यावर दोन घागरी घेऊन चढउतार करायची, पण त्या वाटेवर सासू नव्हती, मैत्रिणी होत्या. नळ आला तेव्हा बाईचं ओझं उतरलं, फार चांगलं झालं. त्या वाटेवरच्या गप्पा मात्र नळाबरोबर घरात आल्या नाहीत. त्यासाठी आता नवी वाट शोधायला हवी, एवढंच मला म्हणायचं आहे.

सेलूला लॉजवर उतरले. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी ओळखपत्र पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. "सोबत कोण?" मी म्हटलं, "सायकल." ते हसले नाहीत. पण सायकल रात्री आत, जिन्याजवळ ठेवून घेतली आणि सकाळी स्वतः पंप आणून दिला.

इथे भीतीबद्दल बोलायला हवं, कारण तुमच्या मनात तेच असणार. भीती वाटते का? वाटते. निर्मनुष्य रस्त्यावर मागून मोटारसायकल हळू झाली की पोटात गोळा येतो. कुत्री मागे लागतात तेव्हाही. त्यावर मी काही नियम केले होते आणि ते मोडले नाहीत. दुपारी चारच्या आत मुक्काम गाठायचा. अंधारात चालवायचं नाही. रोज सकाळी आणि मुक्कामी पोचल्यावर घरी फोन. ११२ हा पोलिसांचा क्रमांक फोनमध्ये पहिल्या बोटाला लागेल असा. थांबायचं ते शाळेजवळ, एसटी स्टँडवर नाहीतर जिथे बायका काम करत असतील तिथे. पाच दिवसांत माझ्याशी वाईट कोणी वागलं नाही. प्रत्येकीला असाच अनुभव येईल असं मी म्हणणार नाही. पण भीती घरात बसून जात नाही, हे मात्र मी अनुभवाने सांगते.

तिसऱ्या दिवशी सेलूहून पाथरी. साईबाबांचं जन्मगाव म्हणून पाथरीचं नाव घेतात. जानेवारी २०२० मध्ये त्यावरून केवढा वाद पेटला, शिर्डी बंद ठेवली गेली, ते तुम्ही वाचलं असेलच. मंदिरात मात्र सगळं शांत होतं. दुपारी तिथून मुद्गलला जाऊन आले. गोदावरीच्या पात्रातच मुद्गलेश्वराचं देऊळ आहे. पावसाळ्यात पुराचं पाणी त्याला वेढतं, चढतं, उतरतं, आणि देऊळ आपलं उभं. पाण्याला पाय लावून मी उरलेले धपाटे खाल्ले.

चौथा दिवस लांब पल्ल्याचा. पाथरीहून गोदावरी ओलांडून सोनपेठ आणि पुढे गंगाखेड, साठेक किलोमीटर. सकाळी नऊच्या सुमारास शाळेच्या मुली रस्त्यावर भेटल्या. दोन वेण्या, निळा गणवेश, सगळ्यांच्या सायकली एकसारख्या. मागासलेल्या तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सरकार मानव विकास कार्यक्रमातून सायकली देतं, त्या ह्या. एक मुलगी माझ्या बरोबरीने चालवू लागली. दहावीत होती.

"बाई, तुमची सायकल पण सरकारनं दिली का?"

"नाही गं, माझ्या लेकीची आहे."

"लेकीची तुम्ही चालवता?" तिला याची फार गंमत वाटली. "आमच्या ताईची सायकल आता दादाकडं आहे. डेअरीला दूध घालतो तिच्यावर."

"आणि ताई?"

"तिचं झालं की लग्न."

कधी झालं, कितव्या वर्षी झालं, हे मी विचारलं नाही. शाळेचा फाटा आला, मुली वळल्या, तिने वळताना दोनदा घंटी वाजवली.

मैत्रिणींनो, एक आकडा सांगते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या दर १०० स्त्रियांमागे ४८ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. साऱ्या महाराष्ट्राचा हाच आकडा २२ च्या आसपास होता. म्हणजे जवळजवळ निम्म्या पोरी! आठवी ते बारावी हीच ती वर्षं. शाळा लांब आहे, वाट निर्जन आहे, मुलगी मोठी झाली, कशाला जोखीम, असं म्हणत घरचे तिला बसवतात आणि मग स्थळ बघतात. एक सायकल हे सगळं थांबवू शकत नाही, हे मलाही कळतं. पण शाळेची ती चार-पाच किलोमीटरची वाट म्हणजे त्या मुलीच्या आयुष्यातली पहिली वाट असते, जिथे ती स्वतःच्या कामासाठी स्वतःच्या पायांनी जाते. तिला कोणी विचारलं 'कुणाकडं?', तर ती म्हणते 'शाळेला'. त्या उत्तरात कोणाचं नाव नसतं. ती सायकल डेअरीच्या कॅनखाली गेली की ते उत्तरही जातं.

आपल्या शहरांतल्या घरांतून वेगळं काय होतं? मुलीची सायकल दहावीला घेतो, बारावीनंतर तिला 'आता बरं दिसत नाही' म्हणतो. आणि आपली स्वतःची? लग्नाआधी तुमच्यापैकी कितीजणी सायकलवर कॉलेजात जात होतात? ती सायकल कुठे गेली, आठवतं का?

गंगाखेडला पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. शेवटचे चढ दमवणारे. लॉजवर सायकल ठेवली, चहा घेतला आणि चालत गोदावरीच्या घाटावर गेले. गंगाखेड हे संत जनाबाईचं गाव. सातशे वर्षांपूर्वी इथल्या दमा नावाच्या गरीब माणसाची ही पोर. लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला ठेवली. दामाशेटी म्हणजे संत नामदेवांचे वडील. दळण, कांडण, शेण, झाडलोट, सगळं तिने केलं आणि त्या कामातच अभंग रचले. आयुष्यभर तिने स्वतःची ओळख नामदेवांच्या घरची दासी अशीच सांगितली.

म्हणजे बघा, तिलाही कोणी विचारलं असतं 'कोणाची गं तू?', तर तिने दुसऱ्याचंच नाव घेतलं असतं. पण घाटावर फुलं विकणाऱ्या बाईंना मी विचारलं, "हे गाव कशासाठी प्रसिद्ध हो?" तर त्या म्हणाल्या, "जनाबाईचं गाव हाय हे!" गावात सावकार झाले असतील, पाटील-देशमुख झाले असतील, पण सातशे वर्षांनी गाव ओळखलं जातं ते दळण दळणाऱ्या एका मोलकरणीच्या नावाने. मी घाटावर बराच वेळ बसले. अंधार पडायच्या आत लॉजवर परतले, नियम म्हणजे नियम!

पाचव्या दिवशी गंगाखेडहून परभणी, ४० किलोमीटर. वाटेत पोखर्णीचा नृसिंह. दोन वाजता घरी. सासूबाई दारातच होत्या. त्यांनी सायकलकडे पाहिलं, माझ्या रापलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जनाबाईचं दर्शन झालं का? मला लहानपणापासून जायचं होतं." मी सांगितलं, पुढच्या महिन्यात आपण दोघी जाऊ. एसटीने! आणि आम्ही गेलोही.

आता ज्यांच्या मनात आलं असेल त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

दिवस निवडा ते डिसेंबर ते फेब्रुवारीचे. पावसाळ्यात काळी माती चाकात आणि मडगार्डमध्ये अशी बसते की सायकल ढकलतासुद्धा येत नाही, आणि एप्रिल-मेचं ऊन तर विचारूच नका.

सायकल साधी चालेल. सीटवर बसून टाच पॅडलवर टेकवली की पाय सरळ व्हायला हवा, इतकी सीट उंच करा. सीट खाली असली की गुडघे दुखतात. निघण्याआधी ब्रेक, चेन, टायर दाखवून घ्या. सोबत एक जादा ट्यूब, छोटा पंप, पाना आणि सोल्यूशन ठेवा. पंक्चर काढायला दुकानदाराकडून शिकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

कपडे सुती. ओढणी नकोच, चाकात अडकते. डोक्याला हेल्मेट, त्याखाली पातळ रुमाल. महिन्याच्या दिवसांचा हिशेब आधी करा. लघवी लागेल म्हणून पाणी कमी पिण्याची आपली खोड सोडा. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि चाकात भरायला हवा फुकट मिळते, ती मागून घ्या.

खाण्याला धपाटे. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन. त्यात वाटलेला लसूण-जिरं, तिखट, हळद, ओवा, तीळ, मीठ. प्रवासाला न्यायचे तर कांदा घालू नका आणि ताकाऐवजी गरम पाण्यात पीठ भिजवा. ओल्या फडक्यावर पातळ थापा, तव्यावर दोन्हीकडून तेल सोडून खरपूस भाजा. थंडीच्या दिवसांत दोन दिवस सहज टिकतात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा.

पाच दिवस निघणं जमणार नाही, हे मी समजू शकते. मग एक दिवस निघा. येत्या रविवारी जिन्याखालची, माळ्यावरची सायकल काढा, हवा भरा आणि दहा किलोमीटरवरचं एखादं गाव बघून या. घरात मुलगी असेल तर तिचीही सायकल दुरुस्त करून द्या, आणि बारावीनंतरही ती तिचीच राहील एवढं पाहा. वाटेत कोणी विचारेलच, 'कोणाकडे निघालात, बाई?' तेव्हा काय सांगायचं, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.